वायफाय पडवीत, कॉम्प्युटर माजघरात

पिंगुळी-कुडाळ भागातल्या बऱ्याच घरांत आता फायबरची केबल आली आहे. केबलवाला पोरगा येतो, खांबावरून काळी वायर ओढतो, पडवीच्या खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो आणि वायर जिथे आत येते तिथेच, हाताला लागेल त्या खिळ्यावर राऊटर टांगून निघून जातो. त्याला दिवसाला चार-पाच घरं करायची असतात, त्याचा काही दोष नाही. घरातले पुरुष पडवीतच बसलेले असतात. मोबाइल उघडतात, व्हिडिओ न अडखळता चालतो, सगळे खूश. घरात वायफाय लागलं, असं जाहीर होतं.

थोड्या दिवसांनी आतून कुणीतरी, बहुतेक वेळा घरातली मुलगी, सांगते की आत रेंज येत नाही. त्यावरचं उत्तर ठरलेलं असतं, "मग बाहेर येऊन बस." पण बाहेर पडवीत चाचा असतात, मामू असतात, शेजारचे दोघे गप्पा मारायला आलेले असतात, कामाला आलेले गडी चहा पीत असतात. ती बाहेर येऊन बसत नाही. आणि माजघरातल्या टेबलावर जुन्या ओढणीखाली झाकून ठेवलेला डेस्कटॉप कॉम्प्युटर तसाच झाकलेला राहतो.

हे फक्त आपल्याच घरांत होतं असं समजू नका. शेजारच्या मराठा, भंडारी, देवळी घरांतही बायका आत आणि राऊटर बाहेर हीच मांडणी आहे. कोकणातलं जुनं घरच तसं बांधलेलं. खळं, पडवी, मग माजघर, मग स्वयंपाकघर. जितकं आत जावं तितका बायकांचा वावर जास्त आणि पुरुषांचा कमी. वायफायची ताकद नेमकी उलट चालते.

मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, की घरात वायफाय आलं की ते आधी माजघरातल्या त्या डेस्कटॉपला जोडा, मोबाइलचं नंतर बघा. काम पाचशे रुपयांचं आणि अर्ध्या दिवसाचं आहे. ते होत नाही याचं कारण पैसा नाही. ते कुणाचं काम आहे हेच घरात ठरलेलं नसतं.

आधी भिंतीचं बोलू. आपली जुनी घरं चिऱ्याची. जांभ्या दगडाचा चिरा जाड असतो, आणि मधल्या भिंतीही वीट-सिमेंटच्या फ्लॅटसारख्या पातळ नसतात. वायफायची लहर अशी एक भिंत कशीबशी ओलांडते, दुसऱ्या भिंतीला थकते. त्यात जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरतो. पाणी या लहरी शोषून घेतं. त्यामुळे मे महिन्यात आत दोन काड्या दाखवणारं वायफाय जुलैत एकही काडी दाखवत नाही, आणि घरचे म्हणतात कंपनीने स्पीड कमी केला. कंपन्या स्पीडच्या बाबतीत साधुसंत नाहीत हे मान्य, पण या एका गुन्ह्यात त्या निर्दोष आहेत.

राऊटर साधारण दोन पट्ट्यांवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पाचवाला वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. दोन पूर्णांक चारवाला हळू, पण चिवट. चिऱ्याच्या घरात माजघरासाठी हा चिवटच कामाचा. बऱ्याच राऊटरवर दोघांची नावं वेगळी दिसतात, एकाच्या शेवटी ५जी असं काहीतरी लिहिलेलं असतं. (त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. त्यावरून आमच्याकडे एकदा जेवण थंड होईपर्यंत वाद झाला होता.) आतल्या कॉम्प्युटरला साध्या नावाचं वायफाय जोडायचं.

राऊटरची जागा बदलता आली तर अर्धं काम तिथेच होतं. पडवी आणि माजघर यांच्यामधलं दार बघा. लाकडी दार किंवा उघडी चौकट ही लहरींची वाट. दाराच्या समोरासमोर राऊटर लावला तरी फरक पडतो. कौलारू घरात आणखी एक सोय आहे. माळा किंवा सीलिंग नसेल, तर मधल्या भिंती पुष्कळदा वर कौलांपर्यंत जात नाहीत, वर मोकळी जागा राहते. राऊटर तेवढ्या उंचीवर वाशाजवळ नेला तर लहर भिंतीच्या डोक्यावरून पलीकडे उतरते. आमच्याकडे हेच केलं आहे. पाहुणे विचारतात, वर काय बांधलंय, मधमाश्यांचं पोळं आहे का?

सगळ्यात चांगलं म्हणजे केबलवाल्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की वायर माजघरापर्यंत ने. फायबर म्हणजे काचेची तार, ती काटकोनात मोडता येत नाही, वळवून न्यावी लागते, म्हणून तो कुरकुर करेल. करू द्या. वर थोडे पैसे मागितले तर द्या.

आता डेस्कटॉप. लॅपटॉप आणि मोबाइल यांच्या पोटात वायफाय असतंच, त्यामुळे लोकांना वाटतं कॉम्प्युटर म्हटला की तो वायफाय पकडणारच. आपल्या घरांतले बहुतेक डेस्कटॉप ते पकडत नाहीत. २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं, नोकरीच्या फॉर्मवर त्याचं सर्टिफिकेट मागू लागले, आणि कुवेत-दुबईहून येणाऱ्या पैशांतून कित्येक घरांत मुलांसाठी डेस्कटॉप घेतला गेला. ती मशिनं वायरीवर चालणाऱ्या इंटरनेटच्या काळातली. त्यांच्या सेटिंगमध्ये वायफाय हा शब्दच दिसत नाही. मग घरात निष्कर्ष निघतो, कॉम्प्युटर जुना झाला, भंगारात द्या.

त्याला हवा असतो फक्त एक यूएसबीचा वायफाय अॅडाप्टर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा डोंगल. कुडाळच्या बाजारात मिळतो, ऑनलाइनही मिळतो, पाचशे रुपयांच्या आसपास. जमलं तर छोटी दांडी, म्हणजे अँटेना असलेला घ्या. तो कॅबिनेटच्या मागे खुपसू नका. मागे लोखंडी पत्रा आणि त्याच्या मागे चिऱ्याची भिंत, मग बिचाऱ्याने पकडायचं काय? एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर, राऊटरच्या दिशेला मोकळा ठेवा. स्वस्तातले डोंगल फक्त २.४चा पट्टा पकडतात, म्हणून यादीत पाचवाल्याचं नाव दिसलं नाही तर घाबरू नका, आपल्याला ते नकोच आहे.

यानंतर एक गमतीदार अडचण येते. डोंगल चालायला ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठीच तर डोंगल आणलेला. कोंबडी आधी की अंडं. याला उपाय घरातच आहे. कुठलाही अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमधलं यूएसबी टिथरिंग सुरू करा. मोबाइल वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय वायरीतून कॉम्प्युटरला देतात, नेटपॅक संपत नाही. ड्रायव्हर उतरवा, बसवा, मोबाइल काढून घ्या. डोंगलला पैसे नसतील तर स्क्रीन फुटलेला एखादा जुना फोन कायमचा असा जोडून ठेवला तरी चालतं.

आणि वायफाय जोडलं गेलं, पण एकही पान उघडत नाही, सगळीकडे सुरक्षिततेचा इशारा येतो, असं झालं तर उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशिनचा आतला गोल सेल संपलेला असतो आणि कॉम्प्युटर स्वतःला भूतकाळातल्या कुठल्यातरी वर्षात समजतो. वेबसाइटची ओळखपत्रं त्याला भविष्यातली वाटतात, म्हणून तो दार उघडत नाही. सीआर२०३२ नावाचा सेल, घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो बदला, तारीख लावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा मोफत पाठिंबा बंद केला आहे, त्यामुळे जुन्या मशिनवर लिनक्स टाकून घेणं शहाणपणाचं. फुकट आहे, हलकं आहे, आणि पुष्कळसे डोंगल त्यात ड्रायव्हर न टाकताच चालतात.

इथपर्यंत वाचून कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे.

प्रत्येकाच्या आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असं दिसलं की देशात शंभरातल्या ५७ पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं आहे, आणि बायकांपैकी फक्त ३३ जणींनी. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका निम्म्याहून थोड्या जास्त, ५४ टक्के. आकडे आता वर गेले असतील, पण घरात डोकावून बघा. मोबाइल ही एका माणसाची वस्तू असते. अब्बांचा मोबाइल, भाईचा मोबाइल. तो त्या माणसाबरोबर बाजारात जातो, मशिदीत जातो, गोव्याला कामाला जातो. मुलीला किंवा अम्मीला तो मागून घ्यावा लागतो, आणि मागितला की कशाला हे सांगावं लागतं. टेबलावरचा कॉम्प्युटर कुणाच्या खिशात जात नाही. तो घराचा असतो, जसा पाटा-वरवंटा घराचा असतो.

दुसरं कारण कामाचं. महाडीबीटीचा फॉर्म, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलचा फॉर्म, सीईटीनंतर कॉलेजांच्या लांबलचक यादीतून भरायचा पसंतीक्रम, हे सगळं मोबाइलच्या चार बोटांच्या काचेवर भरणं म्हणजे सुईच्या नाकातून दोर ओवणं. मधेच कुणाचा फोन आला की पान जातं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आपली मुलं कागदांची पिशवी घेऊन सायबर कॅफेत जातात. तिथला माणूस त्यांच्या वतीने भरतो, पासवर्डही तोच ठरवतो, आणि पुढच्या वर्षी तो पासवर्ड कुणाकडेच नसतो. शिष्यवृत्ती का आली नाही याची कारणं आपण दिल्ली-मुंबईत शोधतो. ती तिथेही असतात. पण काही कारणं या पिशवीतही असतात.

मोठ्यांचंही तसंच. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारचं उमीद पोर्टल आलं आणि वक्फच्या मालमत्तांची नोंद सहा महिन्यांत ऑनलाइन करायची वेळ आली. त्या कायद्याबद्दल माझी मतं मी वेगळ्या लेखात मांडेन. इथे मुद्दा इतकाच, की मशीद, कबरस्तान यांचे जुने कागद स्कॅन करून एकेक रकाना भरत वर चढवायचे होते, आणि असं काम मोठ्या पडद्यावर, कीबोर्डवर, शांतपणे बसूनच होतं. जमातीत जिच्याकडून हे सहज झालं असतं, ती बीएस्सी झालेली मुलगी आत माजघरात बसलेली होती. तिच्यापर्यंत कागद गेले नाहीत, कारण तिच्यापर्यंत वायफायही गेलं नव्हतं.

सिंधुदुर्गाला हे नवं नाही. ऑगस्ट २०२० आठवा. कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची, पशुवैद्यकाचं शिक्षण घेणारी मुलगी घरात रेंज नाही म्हणून भर पावसात डोंगरावर झोपडी उभारून तिथून ऑनलाइन वर्ग करत होती. बातमी देशभर गेली, आणि मग तिच्यापर्यंत इंटरनेट पोचवायची धावपळ झाली. त्या वेळी आपण सगळ्यांनी तिचा फोटो फॉरवर्ड केला. तिच्या जिद्दीला सलाम आहेच. पण तिला अडवणारा डोंगर मोठा होता. आपल्या मुलींना आज अडवते ती एक फुटाची भिंत, आणि तीही आपल्याच घरातली.

मला माहीत आहे, काही वाचकांच्या मनात वेगळाच प्रश्न घोळत असेल. इंटरनेट आत नेलं तर मुली बिघडतील. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती बोलून दाखवणारी माणसं बहुतेक वेळा मुलींवर माया करणारीच असतात. पण त्यांना एक विचारावंसं वाटतं. मुलगा रात्री दोन वाजता अंथरुणात, चादरीखाली मोबाइल बघतो, तेव्हा तो बिघडत नाही का? त्याच्या हातात तुम्ही एक बंद खोलीच दिली आहे. माजघरातला कॉम्प्युटर उघड्यावर असतो. येता-जाता दादी बघते, अम्मी बघते, धाकटा भाऊ खुर्चीला लटकून बघतो. पिंगुळी म्हटलं की लोकांना ठाकर कलाकारांचं चित्रकथी आठवतं. एक माणूस चित्र धरतो, गोष्ट सांगतो आणि सगळे एकत्र बसून तेच चित्र बघतात. मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर त्या जातीचा आहे. मोबाइल तसा नाही. फक्त, सगळ्यांच्या समोर आहे म्हणून तिच्या खांद्यावरून सारखं वाकून बघू नका. तिला मैत्रिणीला दोन ओळी लिहायच्या असतील तर लिहू द्या.

एका गोष्टीत मात्र हयगय नको, ती म्हणजे पासवर्ड. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत एटीएस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचली. तिथे राहत होता एक अमेरिकन माणूस. त्याच्या वायफायला नीट कुलूप नव्हतं, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचं निघालं. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचं वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. सानपाड्याच्या त्या माणसाची कसून चौकशी झाली, पण त्याचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. बिलावरचं नाव तुमच्या-माझ्यासारखं असतं, तर ते ऐकून घ्यायला किती दिवस लागले असते, हा प्रश्न मी इथे सोडून देतो. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी आपल्या एखाद्या मुस्लिम मित्राला विचारावं.

म्हणून राऊटर लागला त्याच दिवशी दोन कुलपं लावा. एक वायफायचं. राऊटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ आहे ना ते बघा. डब्ल्यूईपी असेल तर ते कुलूप २००१ सालीच फुटलं आहे. दुसरं कुलूप खुद्द राऊटरच्या सेटिंगचं. ते पुष्कळदा 'अॅडमिन'-'अॅडमिन' असंच राहतं आणि लावणाऱ्यालाही आठवत नाही. मोबाइल नंबर, ७८६, मुलाचं नाव असले पासवर्ड ठेवू नका, ते अख्ख्या वाडीला पाठ असतात.

मग शेजाऱ्याच्या मुलाला फॉर्म भरायला वायफाय द्यायचं नाही का? द्यायचं. शेजाऱ्याला नाही म्हणणं आपल्याला शोभणारही नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये विनापरवाना झाला, म्हणून आपण आज घरोघरी वायफाय लावतो. हवा सगळ्यांची आहे, बिल मात्र एकाच्या नावाचं असतं. बऱ्याच राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, गेस्ट नेटवर्क, सुरू करता येतं. त्याला वेगळा पासवर्ड ठेवा आणि काम झालं की बदला. त्याहून चांगलं म्हणजे शेजारच्या मुलीला माजघरात बोलवा आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर बसवा. चहाही पाजता येतो.

शेवटी विजेचं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे आभाळ कसं कडाडतं ते सांगायला नको. राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तांब्याची लॅन वायर असेल तर एका टोकाला बसलेला झटका दुसऱ्या टोकाच्या मशिनपर्यंत जाऊ शकतो. डोंगलवर चालणाऱ्या डेस्कटॉपला ती एक वाट तरी बंद असते. वीज चमकायला लागली की तरीही दोघांचे प्लग काढायचे, नुसता स्विच बंद करून भागत नाही. राऊटरला छोटा यूपीएस मिळतो, लाइट गेली तरी तो काही तास चालतो. पण डेस्कटॉपला वेगळा यूपीएस लागतो आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, तो खर्च आधीच धरून चाला. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आपल्याकडे कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस लाइट नव्हती. तेव्हा हे सगळंच झाकून ठेवावं लागलं होतं, ओढणीखाली.

केबलवाल्याने तुमच्याकडे अजून भोक पाडलं नसेल तर त्याला फोन करायच्या आधी माजघरात जाऊन विचारा, टेबल कुठे ठेवायचंय.